वीतभर अंतर

लग्नाचा चाळिसावा वाढदिवस साजरा करायला क्रूझवर आलेल्या त्या जोडप्याने पहिल्याच दुपारी जोडलेले पलंग वेगळे करून मागितले. जहाजावर खोल्या आवरतो मी. असल्या जोडप्यांच्या पलंगावर टॉवेलचे दोन हंस चोचीला चोच लावून ठेवायचे, हा आमचा शिरस्ता. आता काय ठेवू, कपाळ? दोन्ही पलंगांवर एकेक हंस बसवून मोकळा झालो.

"ह्यांची कंबर धरलीय," लोरेनबाई म्हणाल्या. "मी कुशीवर वळले तरी ह्यांना जाग येते."

व्हर्ननसाहेब खिडकीतून समुद्र बघत राहिले.

बार्बाडोसला पोचलो तेव्हा मला पलंगांमधलं अंतर कमी वाटलं. अँटिग्वाला ते वीतभर उरलं. आपण कशाला बोला? मी फक्त हंस जरा एकमेकांकडे, आतल्या कडेला सरकवले.

शेवटच्या सकाळी पलंग एकमेकांना चिकटलेले होते. सामान निघालं, तेव्हा बाईंनी मला दाराशी गाठलं.

"डेलरॉय, लबाडा, रोज थोडा थोडा पलंग तूच सरकवत होतास ना? माझ्या लक्षात आलं होतं. पण बरं वाटलं, म्हणून गप्प बसले."

"मी नाही हो, मॅडम. मला वाटलं, तुम्हीच."

बाईंनी वळून पाहिलं. व्हर्ननसाहेब एक हात कमरेवर ठेवून, दुसऱ्या हाताने त्यांच्यासाठी लिफ्टचं दार अडवून उभे होते.