ताटातलं नाव

लॅपटॉपवरचं पान अजून कोरंच होतं. नवी नवरी उज्वला हिरवा चुडा मागे सारून टाइप करत होती. एका क्लासचा निकाल त्या पानावर दिसायचा होता आणि कालच्या लग्नाचं ऑफिसला काही सोयरसुतक नव्हतं.

समोर सासूबाई, विठाबाई, ताटात तांदूळ पसरत होत्या. संध्याकाळी दयानंद त्यात अंगठीनं बायकोचं नवं नाव लिहिणार होता. थोरली जाऊही उज्वलाच, बिलोलीची. एका घरात दोन उज्वला कशा चालतील? तेव्हा धाकटीनं सौदामिनी व्हायचं, असं ठरलं होतं. तिला कुणी विचारलं नव्हतं. निलंग्यात लहानाचं मोठं झालेलं तिचं नाव आज संध्याकाळपर्यंतच उरलं होतं.

"कामून अडलंय गं?" विठाबाईंनी विचारलं.

"टेम्प्लेट नावाचे दोघं आहेत, आई. एक एचटीएमएलचा, पान बनवणाऱ्या भाषेचा. दुसरा स्टाइलशीटचा, मांडणी सांगणाऱ्या भाषेचा. एकाच फाइलीत आले आणि हाक कुणाला मारली, ते ब्राउझरला कळेना."

"मग एकाचं नाव बदल की."

"बदललं तर तो कामच करत नाही." उज्वलाची नजर तांदळाच्या ताटाकडे गेली. "नावाआधी फक्त कुठल्या घरचा, ते लिहायचं."

तिनं तेवढं लिहिलं. पान उघडलं आणि निकाल झरझर खाली आला.

विठाबाई पडद्याकडे बघत राहिल्या. "दोघंबी राहिले का?"

"हो."

मग त्या आधीच सपाट झालेल्या तांदळावरून उगाच हात फिरवत बसल्या.

संध्याकाळी दयानंदनं तांदळावर अंगठी टेकवली, तसा विठाबाईंनी त्याचा हात धरला. "सौदामिनी न्हाई. उज्वलाच लिही. ही निलंग्याची, ती बिलोलीची. हाक मारायला मला काय जड हाय?"

उज्वलाचे डोळे भरून आले. कालपासून ती दिसेल त्याच्या पाया पडत होती. आता वाकली ती मनापासून.

"पुरे, पुरे," विठाबाई म्हणाल्या. "तुझ्या त्या कम्प्युटरचेच लई उपकार झाले." मग त्यांनी अंगठी मागून घेतली आणि ताटाच्या कडेला एक-एक अक्षर जुळवत लिहिलं, बसम्मा.

"थोरल्या काकूचं नाव कामून लिहिलंस?" दयानंदनं विचारलं.

"काकूचं न्हाई," विठाबाई म्हणाल्या. "माझं हाय. माहेरचं."