डब्यावरचं तोंड

पोरगी किंचाळली आणि मानसिंग पेंटरला मनापासून आनंद झाला.

वडूजच्या बाजारात नानासोच्या दुकानापुढं ती आईचं बोट धरून उभी होती. नानासोनं फळीवरचा डबा काढून समोर ठेवला मात्र, पोरीनं आईच्या पदरात तोंड खुपसलं. डब्यावरचं चित्रच तसं होतं. तांबारलेले बटबटीत डोळे, दोन्हीकडून बाहेर आलेले सुळे, हनुवटीखाली लोंबणारी लालभडक जीभ.

"बघितलंस?" मानसिंगनं शेजारच्या अर्जुनाला कोपरानं ढोसलं. "भ्यायला काय शाळा लागती व्हय?"

अर्जुना पोरीकडं बघत राहिला.

डब्यात शेळ्यामेंढ्यांच्या गोचिडांवर चोळायची पावडर असायची. दिसायला पांढरीफेक आणि पोटात गेली की जहर. माल सांगलीच्या एका व्यापाऱ्याचा. त्याचं पहिलं लेबल या अर्जुनानंच रंगवलं होतं: हिरवंगार कुरण, भरल्या कासेची शेळी, तिला लुचणारं करडू. असं देखणं लेबल की माणसांनी सोलून भिंतीला डकवलं. पुढं उंब्रजला एका पोरानं ती पावडर पाण्यात कालवून प्यायली. शाळेत दुधाची भुकटी वाटायचे, तीही अशीच पांढरी, आणि डब्यावर तर दुभती शेळी. त्याची तरी काय चूक? पोर गेलं. तेव्हापासून अर्जुनानं ब्रश हातात धरला नव्हता. पोटासाठी तो हळदीच्या पेठेत पोती उचलत होता.

मग सांगलीत पेंटर मंडळाची बैठक बसली. एरवी या बैठकीत कुणी कुणाचं गिऱ्हाईक पळवलं यावरून हमरीतुमरी व्हायची. त्या दिवशी कुणाचा आवाज चढला नाही. विषाच्या डब्यावर गोजिरवाणं चित्र काढील त्याला मंडळात जागा नाही, असा ठराव झाला. व्यापाऱ्याला नवं लेबल मंडळानंच करून द्यायचं, तेही ठरलं.

"कवटी आन् हाडं काढूया," चिटणीस हिंदुराव म्हणाला. "मुंबैच्या बाटल्यांवर तेच असतंय."

मंडळाचा अध्यक्ष होता मानसिंग. तो खो खो हसला. "हाडाला कोण भितंय गड्या? माळावर कुत्री रोज चघळत्यात. वाचता येत न्हाई त्याच्या काळजात धस्स झालं पायजे!"

सगळ्यांना पटलं. पटण्यासारखंच होतं. मानसिंगनं मन लावून ते तोंड रंगवलं, आणि छापून आलं तेव्हा त्याच्या बायकोनं डबा घरात घेऊ दिला नाही. गडी खूश.

अर्जुना मात्र अडून बसला. "माझ्या डोळ्यांनी बघीन. पोरं त्या डब्याला हात लावत न्हाईत हे दिसू दे, मग ब्रश धरीन." म्हणून दोघं एस्टीनं इथवर आले होते.

"खपतंय का?" मानसिंगनं नानासोला विचारलं.

"खपतंय? आवं, पुरत न्हाई! आदी गडीमाणसं न्यायची, आता बाया मागाय येत्यात. त्यो तोंडाचाच डबा द्या म्हणत्यात."

"आईला पोरांची काळजी जास्त असती," मानसिंग अर्जुनाला म्हणाला.

पोरीच्या आईचं नाव भामाबाई. चित्र काढणारे हेच पेंटर, असं नानासोनं सांगितल्यावर तिनं पदर सावरला. "आवं, मग वाडीवर चला की! च्या घेऊन जावा. तुमचं लय उपकार हायती."

धनगरांची वाडी माळापलीकडं होती. भामाबाईचं घर लहान, पण सारवून चकचकीत. तिनं नवा डबा आधी उंच आढ्याला टांगला आणि मगच चुलीकडं वळली. मानसिंगनं अर्जुनाकडं बघून भुवया उडवल्या.

"पोरं हात लावत्यात का त्याला?" अर्जुनानं विचारलं.

"छ्या! ही तर तिकडं बघत बी न्हाई. मांजर बी फिरकत न्हाई म्हणा की."

"आन् बाकीच्या घरांत?"

"समद्या वाडीत तसंच. कुणाची बिशाद हाय?"

अर्जुनानं टोपी काढून डोळे पुसले. "मानसिंग, उद्या माझं ब्रश भिजत घालतो," तो म्हणाला. "लय मोठं काम केलंस बाबा." ही समदी मंडळाची पुण्याई, असं काहीतरी मानसिंग पुटपुटला.

तेवढ्यात पाळण्यातलं तान्हं कुरकुरलं. आवाज बारीक होता.

"आले रं माझ्या राजा," म्हणत भामाबाई उठली. पाळण्याच्या वरच्या फळीवरून तिनं दुसरा डबा काढला. तेच डोळे, तेच सुळे, तीच जीभ. तिनं झाकण उघडलं आणि वाटीत दूध ओतलं.

"परवापासनं जरा मलूल हाय," बाळाला मांडीवर घेत ती म्हणाली. "पर दिष्टीचं भ्या न्हाई. डबा राखंनं लख्ख घासून घेतला आन् दूध ह्यातच ठिवाय लागले. असल्या तोंडाफुडं कुणाची नजर टिकतीया? आता वाडीत जिथं तान्हं प्वार, तिथं तुमचा डबा हाय बघा, पेंटर."