वाळूची पिशवी

पहाटेच्या फेरीला एक तरी गिऱ्हाईक अंथरुणातच राहतं, हे आम्हा बलून उडवणाऱ्यांना पाठ झालंय. त्या दिवशी तिघांच्या जागा घेतलेलं जोडपं आलं, पण मुलगी बरोबर नव्हती. टोपली कलू नये म्हणून अशा वेळी न आलेल्याच्या वजनाइतकी वाळू त्याच्या जागेवर ठेवावी लागते.

"मुलीचं वजन किती?" मी विचारलं.

"अठरा किलो," नवरा म्हणाला.

"चौदा," बायको म्हणाली.

बापांना पोरांची वजनं कुठे माहीत असतात? मी चौदा किलोची पिशवी भरून दोघांच्या मधे ठेवली. "ही पोरगी बरी," मी म्हटलं, "कधी पोचणार म्हणून डोकं तरी खायची नाही."

कुणी हसलं नाही. झोप उडाली नसेल म्हणून मीही सोडून दिलं.

वर गेल्यावर डोंगराआडून सूर्य निघाला, तसे बाकीचे फोन काढून कठड्याला चिकटले. बाईंनी मात्र ती पिशवी उचलली आणि कठड्याच्या उंचीला धरली. "बघ, आला," त्या हळूच म्हणाल्या.

"बाई, जड आहे, ठेवा खाली," मी म्हटलं.

"राहू द्या," नवरा माझ्या कानाशी म्हणाला. "तिकिटं काढली तेव्हा अठराच होतं तिचं. शेवटच्या आजारात चौदावर आली."

उतरताना मी नेहमीसारखं ओरडलो, "खाली बसा, दोन्ही हातांनी दोर घट्ट धरा."


सगळ्यांनी दोर धरले. बाईंनी पिशवी उराशी धरली, आणि नवऱ्याने त्या दोघींना.