स्वतःच्या हाताने

कुंभार आजोबांच्या धाकट्या लेकीचं लग्न झालं, त्याच वर्षी त्यांच्या नातीच्या शाळेने फर्मान काढलं: प्रत्येकाने स्वतःच्या हाताने मडकं घडवून आणायचं. आजोबांच्या दारात पालकांची रीघ लागली. "लहान मुलाने केल्यासारखं दिसू द्या हं, पण बक्षीस मिळेल असं!" नात मात्र हटून बसली, "आजोबा, माझ्या मडक्याला तुम्ही बोटसुद्धा लावायचं नाही."

प्रदर्शनात बाईंनी तिचं वाकडं मडकं उचललं. "अगं, घरात कुंभार असून हे असं? बाकीच्यांनी बघ, आपापल्या हाताने किती सुबक केलंय!" नातीने आजोबांकडे पाहिलं. आजोबांनी आपली एकोणतीस मडकी ओळखली.



पुढल्या वर्षी प्रदर्शनात एकच मडकं आलं, तेही वाकडंच. आजोबा महिनाभर आधी वारले होते.