बोजारा

जिजाबाईंनी बेल दाबली, लाकडी बैल रामाजींच्या उंबऱ्याला टेकवला आणि दोरी घट्ट धरून उभ्या राहिल्या.

दार उघडून रामाजी आधी बैलाकडे आणि मग त्यांच्या पांढऱ्या केसांकडे पाहत राहिले. "हे काय वं जिजाबाई? तान्हा पोळा लेकरायचा असते."

"बैल दारात आला, भाऊ. बोजारा द्या."

रामाजींना हसू आलं. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी पोरं चाकांचे लाकडी बैल सजवून दारोदार नेतात आणि ज्याच्या दारी बैल जाईल त्याने बोजारा द्यायचा, पैसे नाहीतर खाऊ. दारी आलेला बैल रिकामा पाठवायचा नाही, एवढं नागपुरात शेंबड्या पोरालाही कळतं. रामाजींनी खिशात हात घातला.

"पैसा नको. तुमची गाडी मागच्या प्लॉटवर नेऊन लावा. चार ते सहा. एवढाच माझा बोजारा."

"काहून?"

"बैलाले चालाले रस्ता पायजे."

नागपूरच्या बेसा वस्तीतल्या त्या गल्लीत घरं चौदा आणि गाड्या एकोणीस. घर बांधताना प्रत्येकाने नकाशात गाडीची जागा दाखवली आणि पुढे तिथे भाडेकरू ठेवला. गाड्या रस्त्यावर आल्या आणि मधे जेमतेम एक गाडी जाईल एवढी फट उरली. गेल्या तान्ह्या पोळ्याला त्याच फटीत जिजाबाईंच्या सुशीलने गाडी मागे घेतली आणि शेजारच्या सहा वर्षांच्या हिमानीचा बैल चाकाखाली चुरडला. दोरी तिच्या हातात होती. वीतभर अंतराने पोर वाचली. जिवावरचं बैलावर निभावलं म्हणून सगळ्यांनी सुस्कारा सोडला, सुशीलला चार शब्द सुनावले आणि यंदा बैठक घेऊन ठरवलं, तान्हा पोळा इंदुताईंच्या गच्चीवर करायचा. पोरांनी बैल काखोटीला मारून जिना चढायचा, गाड्या जागच्या जागी. हिमानी वर्षभरात फाटकाबाहेर एकटी आली नव्हती. तिचं तर बैठकीत नावही निघालं नाही. जिजाबाईंना संताप आला होता तो याचाच.

रामाजी किल्ली आणायला आत गेले. "पोराचं पाप म्हातारी फेडून राहिली," असं ते बायकोला म्हणाले. जिजाबाईंना ते ऐकू आलं. बैल वळवून त्या पुढच्या दारी गेल्या.

चारुशीला म्हणाली, गाडी आत्ताच धुतली आहे, प्लॉटवर चिखल आहे, पुढच्या वर्षी बघू. जिजाबाई तिच्या पायरीवर बसल्या. गुडघे ठणकत होतेच. चारुशीलाने चहा आणला, तो त्यांनी बाजूला सारला.

"चहा नको. मी बसते. बैल काही मी रिकामा नेत नाही."

पाऊण तासाने चारुशीलाचा नवरा मुकाट्याने किल्ली घेऊन बाहेर आला.

एकाने बाल्कनीतून व्हिडिओ काढला. कोणी म्हणालं, म्हातारीला शिंगं फुटली. हसतील त्यांचे दात दिसतील, असं मनाशी म्हणत जिजाबाई चालत राहिल्या. त्यांच्या हातातला बैल हिमानीचाच होता. गेल्या वर्षी त्याचे तुकडे पदरात गोळा करून त्यांनी सावनेरच्या सुताराकडून तो सांधून आणला होता. पुढच्या पायाला लोखंडी पट्टी होती, ती चालताना वाजायची, खट खट. दुपारभर ती खटखट गल्लीत फिरली आणि तिच्या मागोमाग एकेक गाडी निघत गेली. फाटकाचे गज धरून हिमानी पाहत होती.

चार वाजता अठरा गाड्या गेल्या होत्या. उरली एकच, पांढरी, गल्लीत सगळ्यांत मोठी. जिजाबाईंनी स्वतःच्याच घराची बेल दाबली.

"आई, पुरे कर ना आता," सुशील म्हणाला. "लोक पुन्हा तेच काढून राहिले. ऐकून ऐकून कान पिकले माझे."

"माहीत हाये मले. वर्षभर ऐकलं तू, पण एक शब्द नाही बोलला." त्यांनी बैल उंबऱ्याला टेकवला. "आता बोजारा दे."

सुशीलने बैलाच्या पायाची पट्टी पाहिली. किल्ली घेतली. गाडीत बसून सवयीने काच खाली केली.

"आई, मागे पाह्य."

बैल पायरीशी ठेवून जिजाबाई गाडीमागे जाऊन उभ्या राहिल्या. गेल्या वर्षीही त्या इथेच उभ्या होत्या. नव्या गाडीला ओरखडा नको म्हणून डोळे कुंपणाच्या भिंतीवर लावून, हात हलवत त्या म्हणत होत्या, "येऊ दे, येऊ दे." सुशीलने ते आजवर कोणाला सांगितलं नव्हतं.

या वेळी त्यांनी भिंतीकडे पाठ केली. हिमानी फाटक उघडून एकटी रस्त्यावर आली होती. पायरीशी येऊन तिने दोरी उचलली आणि बैल ओढत ती गाडीच्या मागून निघाली, खट खट.

जिजाबाईंनी दोन्ही हात वर केले आणि वर्षभर घशात अडकलेला शब्द मोठ्याने म्हटला, "थांब."