गाडीच वळत नाही

लेकीची रिमोटची गाडी पुन्हा सासूबाईंच्या प्लॅस्टरमधल्या पायावर आदळली. मी लेकीवर डोळे वटारले, तर सासूबाईच कळ गिळत म्हणाल्या, "लेकराला कशाला बोलतेस गं? मेली गाडीच वळत नाही."

त्यांच्याच आग्रहाने नवऱ्याने गाडी उघडली आणि पुढची चाकं वळवणारा ढिला दांडा घट्ट बसवला. "हं राणी, आता आजीला चुकवून दाखव."

गाडी टेबलाच्या पायाला झकास वळसा घालून आली. "बघ, मी म्हटलं नव्हतं?" सासूबाई मला म्हणाल्या. तेवढ्यात गाडी सरळ त्यांच्याकडेच निघाली. त्यांनी घाईने दोन्ही हातांनी पाय उचलून डावीकडे ठेवला.



लेकीने पाय कुठे गेला ते नीट पाहिलं, आणि गाडीही डावीकडे वळली.