नडगीचा वाटा

प्रयोगातला हा शेवटचा बोकड धड चालू लागला, तर डॉक्टर वुरीच्या पदरात दोन गोष्टी पडणार होत्या: माणसांवर प्रयोग करायची परवानगी आणि अपघातात नडगीचा तुकडा गमावलेल्या धाकट्या भावाचा, गालिहचा, पाय. बोकडाच्या नडगीत तिने जाळीदार सिरॅमिकचा तुकडा बसवला होता. त्याच्या आधाराने नवं हाड भरलं का, हे बकरी ईदनंतर ती नडगीच काढून परीक्षकांना दाखवायचं होतं.

सणाला प्रयोगशाळेच्या गोठ्याचा राखणदार गावी गेला, म्हणून वुरीने बोकड योग्यकर्ता शहरातल्या आपल्या मोहल्ल्याच्या मशिदीपाशी, कुर्बानीच्या बोकडांशेजारी बांधला.

"ताई, कापतील की गं त्याला!" गालिह म्हणाला.

"लंगडतोय तो अजून जरासा. लंगडं जनावर कुर्बानीला चालतच नाही, वेड्या. मशिदीचे हाजीसाहेब एकेकाला चालवून बघतात."

ईदच्या दुपारी ती गेली, तर दावं रिकामं.

"हाजीसाहेब, माझा लंगडा बोकड?"

"लंगडा? डॉक्टरीणबाई, एक बोकड जास्त भरला खरा. म्हटलं, कुणीतरी गुपचूप पुण्य केलं. पण त्याच्यासारखी चाल अख्ख्या रांगेत नव्हती हो!"

मटणाचे वाटे घरोघरी पोचले होते. वुरी दारोदार फिरली, परक्यांच्या उकळत्या पातेल्यांत डाव घालून हाडं चाचपत राहिली. संध्याकाळी रिकाम्या हातांनी घरी आली.

***

कुबड्या भिंतीला टेकवून गालिह भुरके मारत बसला होता. "ताई, आजाऱ्याचा वाटा म्हणून नडगी आपल्याकडेच आली बघ. मेली फुटता फुटेना! वरवंट्याने चेचली, तेव्हा कुठे सूप झालं."